निळू फुले यांची बोली : एक पुनर्विचार

वालचंदनगर परिसरात पदव्युत्तर वर्गाला बोलीविज्ञान शिकवीत असता प्रस्तुत लेखकाने एकदा विद्यार्थ्यांना निळू फुले यांच्या वाणीचे विशेष सांगावयास सांगितले. बहुतेकांनी सांगण्याऐवजी नक्कलच करून दाखविली : ताणलेले स्वर, घोगरा खालचा सूर, आणि बाईंना वाड्यावर बोलावण्याचे ते सर्वपरिचित निमंत्रण. नक्कल बरी होती. परंतु ती 'सामना'तील हिंदुराव धोंडे पाटलांची नव्हती, आणि सखाराम बाइंडरची तर नव्हतीच. चार दशके गाजलेल्या नटाची स्मृती एका वाक्यापाशी येऊन थांबावी हे खेदाचे आहेच. पण त्याहून गंभीर गोष्ट अशी की, या नकलेतून त्यांच्या कलेविषयी एक चुकीचा सिद्धान्त रूढ झाला आहे. निळूभाऊ मुळातच ग्रामीण. ते भूमिका करीत नसत, आपल्या बोलीत नुसते बोलत असत, असा तो सिद्धान्त होय.

वस्तुस्थिती निराळी आहे. निळू फुले पुणे शहरात वाढले. तेथील सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी माळीकाम केले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात ते घडले. 'कथा अकलेच्या कांद्याची' या शंकर पाटलांच्या लोकनाट्याने त्यांना नाव दिले आणि १९६८ साली 'एक गाव बारा भानगडी'ने पडदा दिला. लोकनाट्याची ही भाषा कोणत्याही एका गावची नव्हे. कोल्हापूरकडे 'करालाय' ऐकू येते, इंदापुराकडे 'करतुय'. रंगमंचावर या साऱ्यांची मिसळ होते आणि प्रेक्षक तिला बिनतक्रार 'गावाकडची' म्हणतो. अशी बोली नटाला कमवावी लागते. ज्याला जग अस्सल जपानी सामुराई मानते तो तोशिरो मिफुने चीनमधील चिंगदाव येथे जन्मला आणि चित्रसंस्थेत छायाचित्रणाचे काम मागावयास गेला होता, हे येथे सहज आठवते.

१९७२ च्या 'सखाराम बाइंडर'चा दाखला याहून बोलका आहे. तेंडुलकरांचा सखाराम जन्माने ब्राह्मण. जातीची भाषा त्याने हेतुपुरस्सर टाकून दिलेली आहे. टाकून दिलेली भाषा ऐकू आणावयाची, हे काम 'आपल्या बोलीत नुसते बोलणाऱ्या' नटाचे नव्हे.

परंतु आमच्या भागातील वाचकाने विशेष लक्ष द्यावे ते 'सामना'कडे. वालचंदनगर हे वालचंद हिराचंद यांनी गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात खाजगी साखर कारखान्याभोवती वसविलेले गाव. येथे सत्तेचे संबोधन 'साहेब'. इंदापूर तालुक्यातलाच भवानीनगरचा कारखाना सहकारी. तेथे 'चेअरमन', आणि तो सभासदांच्या मतांवर अवलंबून. साहेबाला कामगाराच्या बोलीत बोलण्याची निकड नसते. चेअरमनला मात्र ज्यांच्यावर हुकमत गाजवावयाची त्यांच्याच बोलीत, 'दादा', 'तात्या', 'आण्णा' अशा नात्यांच्या शब्दांत बोलावे लागते. सहकाराने निर्माण केलेली सत्तेची ही नवी वाणी निळू फुले यांनी ओळखली. हिंदुराव रस्त्यावरच्या दारुड्या मास्तरला वाड्यावर आणतो, त्याची बडदास्त ठेवतो, त्याला मान देतो. त्या आतिथ्यात आवाज चढत नाही. आदरार्थी रूपे ढळत नाहीत. भय सारे विरामांत साठते. मास्तर मारुती कांबळेविषयी विचारू लागतो तेव्हाही उत्तर टाळण्याचे काम क्रियापदे करीत नाहीत, सौजन्य करते. समोर डॉ. श्रीराम लागूंसारखा स्वच्छ शब्दोच्चाराचा नट असल्याने हा भेद अधिकच उठून दिसतो. हा चित्रपट १९७५ च्या बर्लिन महोत्सवात गेला. तथापि त्यातील आदरार्थी बहुवचनाची धार परभाषेच्या उपशीर्षकांत कितपत उतरली असेल, याविषयी शंका वाटते.

पुढील काळातील अनेक चित्रपटांनी हीच वाणी कामुक पाटलाच्या साच्यात ओतली. साचा निर्मात्यांचा खरा, पण निळू फुले यांनीही तो पुष्कळदा विनातक्रार स्वीकारला, आणि तेथे स्वर ताणण्याची सवयच तेवढी उरते. ज्या माणसाने आयुष्यभर अंधश्रद्धा निर्मूलन व सामाजिक कृतज्ञता निधी यांसारख्या कामांत स्वतःला गुंतविले, त्याला प्रेक्षकांनी खलपुरुष म्हणून लक्षात ठेवावे यात नटाचे यश दिसते असे कोणी म्हणतात; प्रस्तुत लेखकाला ते अर्धेच पटते.

कारण १९७९ चा 'सिंहासन' शिल्लक राहतो. मुख्यमंत्री, अर्थमंत्री, कामगारपुढारी सारे बोलत असतात आणि पत्रकार दिगू टिपणीस बहुतांशी ऐकत असतो. येथे निळू फुले यांना ना बोलीचा आधार आहे, ना घोगऱ्या सुराचा. चष्म्याआडच्या थकलेल्या नजरेवर आणि अर्ध्यात सोडलेल्या प्रतिसादांवर त्यांनी ही भूमिका उभी केली आहे. आमच्या वर्गात दिगूची नक्कल कोणालाच करता आली नाही. पुढील सत्रात या दोन्ही चित्रपटांतील विरामांची नोंद करण्याचे काम विद्यार्थ्यांकडे सोपविले आहे.