मायकेल जियाकिनो : खेळापासून चित्रपटापर्यंतची एक चाल

अमेरिकन संगीतकार मायकेल जियाकिनो यांची कारकीर्द सहसा जिन्यासारखी मांडली जाते : आधी व्हिडिओ गेम, मग दूरचित्रवाणी, शेवटी चित्रपट आणि २०१० मधले ऑस्कर. खेळांचे संगीत म्हणजे उमेदवारी, असा त्यात गर्भितार्थ असतो. मला तो मान्य नाही.

दृश्य किती सेकंदांचे आहे, हे चित्रपटाच्या संगीतकाराला ठाऊक असते. खेळात तसे नसते. १९९९ च्या ‘मेडल ऑफ ऑनर’मध्ये खेळणारा एखाद्या बोळात दोन मिनिटे थांबेल की वीस, हे कोण सांगणार? तो मरेल, पुन्हा सुरुवात करील आणि तेच संगीत पुन्हा ऐकेल. नुसती आदळआपट तिसऱ्या फेरीलाच नकोशी होते. जियाकिनोंनी प्लेस्टेशनवरच्या या महायुद्धाच्या खेळासाठी खराखुरा वाद्यवृंद वापरला आणि गुणगुणता येईल अशी चाल दिली. भाच्याच्या खोलीबाहेर उभा राहून मी ती प्रथम ऐकली. आत गोळीबार चालला होता आणि माझे लक्ष मात्र व्हायोलिनांकडे. (भाच्याने दार लावून घेतले, हा भाग वेगळा.)

हे काम ऐकूनच जे. जे. एब्रम्स यांनी त्यांना ‘एलियस’ या मालिकेसाठी बोलावले. पुढे २००४ मध्ये ‘लॉस्ट’ आली. तिच्यात विमानाच्या मोडक्या भागांवर ताल वाजवला, याचीच चर्चा अधिक झाली. मला महत्त्वाची वाटते ती ‘लाइफ अँड डेथ’ ही रचना. पहिल्या पर्वात बूनच्या मृत्यूला ती येते. पुढे माणसे जात राहतात, ती परतत राहते. प्रत्येक वेळी तिला आधीच्या मृत्यूंचे ओझे चिकटलेले असते. पुनरावृत्ती ही खेळात अडचण होती. इथे तिचे भांडवल झाले.

‘अप’ (२००९) मधला कार्ल आणि एली यांच्या संसाराचा भाग जेमतेम चार मिनिटांचा आणि निःशब्द आहे. तीन मात्रांचा एकच वॉल्ट्झ. सुरुवातीला ट्रम्पेटचा खट्याळपणा, मग एकेक वाद्य गळत जाते आणि उरतो एकटा पियानो. चाल तीच, माणसे म्हातारी झालेली. पुढे कार्ल एलीची वही उघडतो तेव्हा हीच चाल परतते, आणि संवादाची गरज उरत नाही.

चालीला मुरायला वेळ लागतो, हे ‘रोग वन’ (२०१६) मध्ये उलट बाजूने दिसते. ते संगीत त्यांनी ऐन वेळी, साडेचार आठवड्यांत लिहिले. कारागिरी पक्की आहे, पण अंगावर काटा येतो तो बहुधा जॉन विल्यम्स यांच्या जुन्या ‘स्टार वॉर्स’ सुरावटींच्या आठवणीने. नायिका जिन अर्सो हिच्यासाठी जियाकिनोंनी बांधलेली चाल सुंदर आहे. ती कानात घर करू लागते तोवर चित्रपट संपतो.