रहस्यकथेतील गुन्ह्याची जागा

दिवाळीचा फराळ आणि रहस्यकथा यांची गट्टी जुनी आहे. चकली मोडता मोडता 'झुंजार' किंवा 'काळा पहाड' वाचण्याचे सुख ज्याने घेतले नाही, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून घरोघरी वाचक घडविले. हे ऋण मानूनच आपल्या एकूण रहस्यकथेविषयी एक तक्रार करावीशी वाटते. तिच्यात गुन्हेगार असतो, गुप्तहेर असतो. गुन्ह्याची जागा मात्र नाटकातल्या पडद्यासारखी नुसती मागे टांगलेली असते.

कळंब्यात राहणाऱ्याला ही उणीव अधिक टोचते. कोल्हापूरचे मध्यवर्ती कारागृह इथेच आहे. भिंतीआड शिक्षा झालेले आहेत, तसे न्यायाची वाट पाहणारे कच्चे कैदीही आहेत. एखाद्या पाकिटावरचे सील नीट होते की नव्हते, यावर माणसाची वर्षे ठरू शकतात.

आपला नायक काय करतो? प्रेताभोवती येरझारा घालतो आणि पिस्तूल रुमालात गुंडाळून खिशात टाकतो. त्या रुमालानेच ठसे पुसले जातील, हे त्याच्या गावीही नसते! खऱ्या तपासात वस्तूला हात लावण्याआधी छायाचित्रे, मोजमाप, नकाशा. मग प्रत्येक वस्तूला वेगळे पाकीट, सील, पंचांच्या सह्या. (नाव पंचनामा असले तरी कायद्याला दोन पंच पुरतात.) रक्ताने भिजलेला सदरा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबला तर ओलीने रक्त कुजते, तो सावलीत वाळवून कागदात बांधावा लागतो. आषाढातल्या कोल्हापुरात सदरा वाळवायचा म्हणजे काय, हे इथल्या गृहिणींना विचारावे.

असल्या तपशिलाने कथा रुक्ष होते, हा आक्षेप मला पटत नाही. कॉनन डॉइलची नॉर्वूडच्या बिल्डरची १९०३ सालची कथा पाहा. भिंतीवर रक्ताळलेला अंगठा उमटलेला, तोही आरोपीचाच. पोलीस निर्धास्त होतात. होम्स मात्र खुलतो, कारण आदल्या दिवशी त्याने ती जागा तपासली तेव्हा तिथे काहीच नव्हते. ठसा खरा, पुरावा खोटा! एक तरुण वकील फासातून सुटतो, तो केवळ कोणीतरी भिंत आधी नीट पाहिली होती म्हणून.

आणि हे सारे परदेशीच आहे असे कोण म्हणतो? कलकत्त्यात १८९७ सालीच ठशांचे कार्यालय निघाले. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस तिथलेच. त्याच्याही आधीपासून आपल्या गावचा जागल्या चोराच्या पावलांचा माग शिवेपर्यंत नेई, आणि माग शीव ओलांडून गेला की जबाबदारी पुढच्या गावाच्या गळ्यात पडे. दोन गावे शिवेवर उभी, मधे एक पुसट पाऊल! एवढे नाट्य दाराशी असताना आपले लेखक भुयारे आणि मुखवटे शोधीत हिंडले.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेप्रमाणे सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैज्ञानिक तज्ज्ञाने जागेवर जायचे आहे. राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. हातमोजे चढवून उंबऱ्यातच थबकणारा हा नवा माणूस एखाद्या दिवाळी अंकात नायक म्हणून कधी भेटतो, याची मी वाट पाहतो आहे.