वेग परवडतो का?

क्रोएशियातील रिमात्स कंपनीने २०२१ साली ‘नेवेरा’ ही विजेवर चालणारी गाडी आणली. चार चाकांना चार स्वतंत्र मोटर. कमाल वेग ताशी ४१२ किलोमीटर. तंत्र म्हणून आम्हाला तिचे कौतुकच आहे. पण ती बाळगण्याजोगी आहे का?

क्रोएशियातही महामार्गावर वेगमर्यादा ताशी १३० किलोमीटर आहे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे १३० ऐवजी ४१२ च्या वेगाने तेवढेच अंतर कापताना रोधावर मात करायला सुमारे दहापट ऊर्जा लागते. वर्गात हे गणित जरूर करून पाहावे.

मर्यादा पाळली तर गाडीची शक्ती पडून राहते; ओलांडली तर वीज उधळली जाते आणि जिवाला धोका. आमच्या मते ही गाडी अभ्यासावी, घेऊ नये.