वाळूचं दप्तर

आपल्या नगरला समुद्र नाही. किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्या आपण बहुधा फोटोतच पाहतो. म्हणून फोटोनं काय वगळलं, हे विचारायला हवं. एडवर्ड वेस्टननं १९३६ साली कॅलिफोर्नियातल्या ओशियानोच्या टेकड्या टिपल्या. उजेडात धारदार कड, खाली काळाभोर उतार. वाळू निव्वळ आकार होते. हेच त्या चित्रांचं सामर्थ्य. पण दापोली तालुक्यातली केळशीची टेकडी अशी टिपून कसं चालेल? डेक्कन कॉलेजच्या अशोक मराठे यांनी तिचे थर अभ्यासून जुन्या त्सुनामीचा तर्क मांडला. म्हणजे ती टेकडी दप्तरच की! तिथं कापलेल्या कडेतले थर, वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल चौकटीत हवीच. कारण ज्याचा इतिहास दिसत नाही, ते उपसताना कुणाचा हात थांबत नाही.