‘पानसे व सुखात्मे यांच्या रीतीने’ : एका उल्लेखाची तपासणी

विदर्भातील कृषिविषयक प्रबंध चाळणाऱ्यास ‘साधने व पद्धती’ या प्रकरणाच्या अखेरीस एक वाक्य हटकून भेटते. सामग्रीचे संख्याशास्त्रीय विश्लेषण पानसे व सुखात्मे यांच्या रीतीने केले, अशा आशयाचे ते असते. ग्रंथाचे वर्ष मात्र कोणी १९५४ देतो, कोणी १९६७, तर कोणी १९८५. यांपैकी कोणती आवृत्ती आपण उघडली होती असे मौखिक परीक्षेत विचारले असता बहुधा मौन पाळले जाते. प्रस्तुत टिपण या मौनाविषयी आहे.

भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९५४ साली प्रसिद्ध केलेला हा ग्रंथ कृषी कार्यकर्त्यांसाठी म्हणून लिहिला गेला, गणितज्ञांसाठी नव्हे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकून आलेले, तर पानसे यांची जडणघडण इंदूरच्या कापूस-संशोधनात झालेली. शेतातील प्रयोगाचा आराखडा कसा आखावा, येणारे आकडे कसे मांडावेत आणि वर्गांच्या बेरजा पायरीपायरीने कशा काढाव्यात, हे दोघांनी येथल्या पिकांची उदाहरणे घेऊन समजाविले आहे. ग्रंथाची खरी थोरवी सूत्रांत नाही. वाचकाला हाताने आकडेमोड करावयास लावण्यात ती आहे. ज्याने एकवार स्वतः प्रचरणाचे कोष्टक भरले, त्याला त्यातील प्रत्येक ओळ कोठून आली हे ठाऊक असते.

आज ती आकडेमोड कोणी करीत नाही, व करावी असाही माझा आग्रह नाही. गोव्यातील कृषी संशोधन संस्थेने तयार केलेले ‘वास्प’ आहे, न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे जन्मलेली ‘आर’ ही संगणकभाषा आहे, आणि दोन्ही विनामूल्य आहेत. प्रश्न उद्भवतो तो यंत्र चुकीचे उत्तर निमूटपणे देते तेव्हा. पाच उपचार व चार गट असलेला यादृच्छिक गट आराखडा घेऊ. एकूण वीस वाफे, म्हणजे स्वातंत्र्यमात्रा १९. त्यांपैकी उपचारांच्या ४, गटांच्या ३ आणि त्रुटीच्या १२. आता विद्यार्थ्याने उपचारांना १ ते ५ व गटांना १ ते ४ असे क्रमांक दिले, आणि हे क्रमांक म्हणजे नावे आहेत, राशी नव्हेत, हे ‘आर’ला सांगितले नाही, तर ती भाषा पाचवा उपचार हा पहिल्याच्या पाचपट आहे असे समजून एक सरळ रेषा बसविते. उपचारांपुढे १, गटांपुढे १ आणि त्रुटीपुढे १७ असे आकडे छापले जातात. तांबड्या अक्षरांतील कोणतीही तक्रार उमटत नाही. अशी कोष्टके मी प्रबंधांच्या मसुद्यांत एकाहून अधिक वेळा पाहिली आहेत, आणि त्यांच्याखाली ‘पानसे व सुखात्मे यांच्या रीतीने’ हे शब्दही पाहिले आहेत. ग्रंथ खरोखरच वाचला असता तर त्या ‘१’वर नजर अडखळली असती.

येथे ऊर्जानगरास राहत असल्याने चंद्रपूर-गडचिरोलीकडील विद्यार्थी अधूनमधून घरी येतात. गेल्या उन्हाळ्यात एक जण आला तो आलेखावरील मराठी अक्षरांऐवजी रिकामे चौकोन उमटतात ही अडचण घेऊन. देवनागरी टंक त्या आलेखापर्यंत पोहोचत नव्हता. अर्ध्या तासात ते काम झाले. तो उठू लागला तेव्हा सहज विचारले, की ही धूळ मोजली कशी? वीज केंद्राच्या रस्त्यालगतच्या एका झाडाची तीस पाने आणि मोहर्लीच्या वाटेवरील एका झाडाची तीस पाने, असे उत्तर मिळाले. साठ निरीक्षणे, स्वातंत्र्यमात्रा ५८, निष्कर्ष अत्यंत लक्षणीय! वस्तुतः त्याने दोन झाडांची तुलना केली होती. एका झाडाची तीस पाने म्हणजे तीस झाडे नव्हेत, आणि धुळीतील फरक वीज केंद्रामुळे की त्या दोन झाडांच्या जागांमुळे, हे त्या सामग्रीतून कोणत्याही आज्ञावलीने निघणार नव्हते. चौकोनांबद्दल त्याने विचारले. पानांबद्दल विचारावे असे त्याला वाटलेच नव्हते. रोनाल्ड फिशर यांनी १९३८ साली कलकत्त्याच्या संख्याशास्त्र परिषदेत अध्यक्षपदावरून हेच सुनावले होते: प्रयोग आटोपल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे जाणे हे पुष्कळदा केवळ शवविच्छेदनासाठी जाणे असते.

सुखात्मे यांचे स्वतःचे एक काम या संदर्भात आठवते. पीक-कापणीच्या प्रयोगांत शेताचा केवढा तुकडा कापावा, हा १९४०च्या दशकातील मोठा वाद होता. प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा कल लहान तुकड्यांकडे होता. १९४६ साली ‘नेचर’मध्ये सुखात्मे यांनी दाखवून दिले, की तुकडा लहान असेल तर उत्पन्न फुगून दिसते. कारण साधे आहे: सीमेवरचे रोप आत की बाहेर असा संशय आला की कापणारा ते आत धरतो, आणि तुकडा जितका लहान तितका सीमेचा वाटा मोठा. ही चूक तुकड्यांची संख्या वाढवून जात नाही. ती गणितात नसून विळ्यात आहे. धानाच्या कापणीवर ज्यांचा पीकविमा ठरतो त्या सिंदेवाही-ब्रह्मपुरीकडील शेतकऱ्यांच्या दृष्टीने हा काही पंडिती वाद नव्हे.

ग्रंथाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तो समतोल आराखड्यांचा व हातयंत्राच्या काळाचा ग्रंथ आहे. वाफे नष्ट झाले, निरीक्षणे विषम झाली किंवा मोजणी शून्ये व एकांची असली, म्हणजे त्यातील रूपांतरांच्या युक्त्या अपुऱ्या पडतात, व आजची मिश्र प्रारूपे तेथे मिळणार नाहीत. तेव्हा तशा सामग्रीस त्या रीतीचे नाव चिकटविणे हा ग्रंथाचा गौरव नसून अवमानच होय. यात दोष एकट्या विद्यार्थ्यांचा मानणे अन्यायाचे ठरेल. आम्ही मार्गदर्शकही ते वाक्य वर्षानुवर्षे न वाचता स्वाक्षरी करीत आलो.

साहाय्य मागावयास येणाऱ्याकडून म्हणून मी अलीकडे तीन गोष्टी आधी मागतो: शेताचा अथवा जागेचा हाताने काढलेला नकाशा, सामग्रीच्या पहिल्या दहा ओळी, आणि कोष्टकात स्वातंत्र्यमात्रा किती याव्यात याचा यंत्र सुरू करण्यापूर्वी कागदावर लिहिलेला अंदाज. नकाशा काढताना निम्मे जण स्वतःच थबकतात. पानांचा तो विद्यार्थी पावसाळा संपल्यावर पुन्हा आला. या खेपेस त्याच्या वहीत दोन्ही रस्त्यांवरील बारा-बारा झाडांच्या जागा चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या होत्या, आणि एकही पान अद्याप तोडलेले नव्हते.