आधी ऐका, मग भाव विचारा

मघाशी दारातच एकाने विचारलं, "सर, ही आता केवढ्याला जाईल?" संग्राहक जमले की पहिला प्रश्न हाच. पहिली आवृत्ती आहे का, कव्हर फाटलंय का, चरा पडलाय का. अर्थात पिंपळनेरला येईपर्यंत मीही पिशवी छातीशी धरूनच बसलो होतो, तेव्हा हसायचा हक्क मला नाही.

तबकडी १९६८ची, एचएमव्हीची. शंकर-जयकिशन यांची 'रागा-जॅझ स्टाइल'. रईस खाँची सतार, मनोहारी सिंगांचा सॅक्सोफोन, जॉन परेरांचा ट्रम्पेट, लेस्ली गोदिन्होंचे ड्रम्स. सिनेमाची गाणी आपल्याला पाठ. ती वाजवणारी ही माणसं मात्र अनोळखीच राहिली.

वादन अव्वल आहे. माझी तक्रार मांडणीबद्दल. दोन बाजूंत अकरा राग! म्हणजे एकेकाला जेमतेम तीन-चार मिनिटं. सतार रागाची ओळख करून देते, सॅक्सोफोन-ट्रम्पेट थोडं खेळून घेतात, की ठरलेली सुरावट परत हजर. मालकंसात वाटतं, आता बढत होईल; तोवर संपतो. अहो, जॅझचा प्राण तरी काय? आयत्या वेळी सुचणं. दोन्हीकडे जे समान, त्यातच इथे हात आखडता घेतलाय.

१९५९मध्ये माइल्स डेव्हिसने 'काइंड ऑफ ब्लू'त कॉर्डांची गर्दी कमी करून एकेका स्वरावलीवर मुक्काम केला होता. तो तिकडून रागाच्या उंबऱ्यापर्यंत आला होता. आपण इकडून नुसतं डोकावलो.

असो. मालकंस लावतो. सॅक्सोफोन कुठे आवरतं घेतो, तिकडे कान ठेवा.