मिरजेचा तांबट आणि श्रीरामपूरचे खिळे

'श्रीरामपूर छापखाना' असं गूगलवर शोधलं की आधी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरमधल्या लग्नपत्रिका छापणाऱ्यांचे फोन नंबर येतात. मला हवं होतं ते श्रीरामपूर बंगालमधलं. कलकत्त्याच्या उत्तरेला, हुगळीच्या पश्चिम काठावर, 1845 पर्यंत डेन्मार्कच्या ताब्यात असलेलं एक छोटं गाव. मराठी भाषेचं इंग्रजीतलं व्याकरण 1805 साली या गावात छापलं गेलं. ते लिहिणाऱ्या विल्यम केरीने महाराष्ट्रात कधी पाऊलही ठेवलं नव्हतं.

त्याच 1805 साली आमच्या मिरजेतही एक पुस्तक छापलं गेलं. दोन गावं, दोन धर्म, दोन पुस्तकं, साल एकच. मुद्रणाच्या इतिहासात श्रीरामपूरला प्रकरण मिळतं आणि मिरजेला परिच्छेद. गेलं वर्षभर मी या दोन्ही उद्योगांबद्दल वाचतोय. मत बनवण्याची मला गरज होती. गरज का पडली ते पुढे येईलच.

आधी मिरज. नाना फडणवीसांच्या मनात भगवद्गीता छापून ब्राह्मणांना दान द्यायची, असं होतं. पुण्यात इंग्रजांचा वकील होता चार्ल्स मॅलेट. त्याच्या मदतीने पुण्यातल्या एका तांबटाने तांब्याच्या पत्र्यावर उलटी अक्षरं कोरायची विद्या शिकून घेतली. 1797 मध्ये मॅलेट गेला, 1800 मध्ये नाना गेले आणि काम अर्धवट राहिलं. तो तांबट मग मिरजेच्या गंगाधरराव गोविंद पटवर्धनांच्या आश्रयाला आला आणि गीता तिथे पूर्ण झाली. अनंत काकबा प्रियोळकरांनी भारतातल्या मुद्रणावरच्या आपल्या 1958 च्या इंग्रजी पुस्तकात ही हकीकत दिली आहे. मिरजेत जन्मून, दहावीपर्यंत तिथे शिकून मला ती कुणी सांगितली नव्हती. आमच्या गावाबद्दल लोक सतारी आणि दवाखाने सांगतात, तेवढंच.

आता श्रीरामपूर. ईस्ट इंडिया कंपनी आपल्या मुलखात मिशनऱ्यांना थारा देत नव्हती, म्हणून 1800 च्या जानेवारीत ही मंडळी डॅनिश गावात जमली. केरी मूळचा चांभारकाम करणारा, विल्यम वॉर्ड छपाईतला आणि वर्तमानपत्रातला, जोशुआ मार्शमन शाळामास्तर. टीम बघा. एक भाषेचा वेडा, एक प्रॉडक्शनवाला आणि एक रोजची कमाई आणणारा. तिघांची कुटुंबं एका जागी राहत, पैसा एका खात्यात जाई. केरीला फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवण्याचे सुरुवातीला महिना 500 आणि पुढे 1000 रुपये मिळत. मार्शमन नवरा-बायकोच्या निवासी शाळेची फी येई. घरखर्चापुरतं ठेवून उरलेलं सगळं कामात. बायबल विकून हा छापखाना उभा राहिलेला नाही, पगारावर आणि शाळेच्या फीवर राहिला आहे. श्रद्धेपोटी प्रकाशन करणाऱ्या कुणाशीही बोला, हिशेब थोड्याफार फरकाने असाच निघतो.

माझे काका मिरजेत असाच उद्योग करतात. हरिपाठ, विष्णुसहस्रनाम, काकड आरती अशा खिशात मावणाऱ्या पुस्तिका. पोट त्यांचं पावतीपुस्तकं आणि लेटरहेडवर चालतं. आषाढीच्या आधी महिनाभर मशीन पुस्तिकांना मिळतं. गठ्ठे रेल्वेने पंढरपूरला जातात, किंमत कागद आणि शाईच्या आसपास. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे 'कॉम्प्युटरचं काहीही' माझ्याकडे येतं. मागच्या वर्षी काका म्हणाले, "अरे, पोरांना हरिपाठाचा अर्थ कळत नाही म्हणतात. खाली सोप्या मराठीत अर्थ घालता येईल का?" मला वाटलं, एवढंच ना! एका संध्याकाळी स्क्रिप्ट लिहिली, सगळे अभंग एआयला दिले, चहा होईपर्यंत अर्थ तयार. काकांनी चाचणीचा एक फर्मा छापला.

चूक पकडली ती बाइंडिंगला येणाऱ्या मावशींनी. त्यांना हरिपाठ पाठ आहे. घड्या घालता घालता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "इथं वाऱ्याचं काय काम?" मशीनने 'वायां' या शब्दाचा संबंध वायूशी जोडला होता. वायां म्हणजे फुकट, व्यर्थ. अर्थ वाचायला इतका गुळगुळीत होता की मी दोनदा वाचूनही मला तो खटकला नव्हता. मावशींना एकदाच वाचून खटकला. सोळा पानांचा तो फर्मा रद्दीत गेला.

त्यानंतर मी केरीकडे वळलो, खरं सांगायचं तर आपल्यासारखाच फसलेला कुणी शोधायला.

श्रीरामपूरची भाषांतराची पद्धत अशी. एकेका भाषेचा पंडित बसवायचा. त्याने बंगाली, संस्कृत किंवा हिंदी बायबल समोर ठेवून आपापल्या भाषेत उतरवायचं. मग केरीने ते तपासायचं. या पाइपलाइनमधून तीसहून जास्त भाषांतली भाषांतरं बाहेर पडली. मराठी नवा करार 1811 मध्ये आला. आकडा बघून आजही छाती दडपते, आणि माझा आक्षेप नेमका त्या आकड्यालाच आहे. इतक्या भाषा एका माणसाला तपासता येत नाहीत. तपासणारा दमला की मजकूर त्याच्या कानावरून जातो, कानात जात नाही. मराठीसाठी केरीचा आधार होते वैजनाथ पंडित, नागपूरकडचे. पुण्या-मुंबईचा किंवा कोकणातला वाचक त्या खोलीत कधी आलाच नाही. बंगालमध्ये बसून 'इथं वाऱ्याचं काय काम' असं म्हणणारी बाई मिळणार तरी कुठून? 1813 मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी भाषांतर नव्याने करायला घेतलं आणि 1826 मध्ये स्वतःचा नवा करार छापला. श्रीरामपूरची प्रत त्याआधी पंधरा वर्षं हजर होती, तरीही.

पण याच केरीचं 1805 चं व्याकरण उघडलं की माणूस बदललेला दिसतो. इंटरनेटवर त्याचं स्कॅन मिळतं, फोनवर वाचता येतं, फक्त पान आडवं धरावं लागतं. व्याकरणाच्या शेवटी रोजच्या विषयांवरची संभाषणं जोडलेली आहेत. इथे केरीला काही पटवून द्यायचं नाही, त्याला शिकून घ्यायचंय. लोक रोज काय बोलतात ते तो टिपतोय. 1810 मध्ये त्याचा मराठी कोश आला, तो चक्क मोडीचे खिळे पाडून छापलेला, कारण रोजच्या व्यवहारातलं मराठी मोडीत चालायचं. वापरणारा ज्या लिपीत वाचतो तिचे खिळे आधी पाडायचे, हे त्याला तिथे सुचलं. व्याकरणात आणि कोशात केरी विद्यार्थी आहे. भाषांतरात तो डेडलाइनवर असलेला प्रकाशक आहे. श्रद्धा दोन्हीकडे सारखीच होती, म्हणजे फरक श्रद्धेमुळे पडलेला नाही. ऐकण्यामुळे पडला आहे. श्रीरामपूरबद्दल लिहिणारे लोक एकतर 'धर्मांतराचा कारखाना' म्हणून झटकून टाकतात किंवा 'आधुनिक भारताचे शिल्पकार' म्हणून हार घालतात. एकाच कपाटातली ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचली तर दोन्ही लेबलं गळून पडतात.

आता त्या तांबटाकडे परत येतो, कारण त्याच्यावर मी आधी अन्याय केला होता. इंजिनियरच्या नजरेने हिशेब सरळ होता. तांब्याचा पत्रा म्हणजे हार्डकोडिंग. गीतेचं एक पान कोरलं की त्या पत्र्यावर तेच पान, जन्मभर. खिळे म्हणजे पुन्हा वापरता येणारे भाग. आज बायबल जुळवा, उद्या खिळे सोडवून हितोपदेश जुळवा, परवा 'समाचार दर्पण'. श्रीरामपुरात नेमकं तेच झालं. 1814 मध्ये मराठी सिंहासन बत्तिशी, 1815 मध्ये हितोपदेश, 1818 मध्ये बंगाली वर्तमानपत्र. ज्या गोष्टींसाठी छापखाना काढलाच नव्हता, त्या तिथे छापल्या जाऊ लागल्या. मिरजेच्या पत्र्यांतून गीतेशिवाय काहीच निघणं शक्य नव्हतं. शिवाय गीता संस्कृतात आणि दान ब्राह्मणांना, म्हणजे ज्यांच्याकडे हस्तलिखित पोथी असण्याची शक्यता सर्वांत जास्त त्यांनाच. स्केल झालं नाही यात नवल नाही.

हे सगळं खरं असूनही एक गोष्ट माझ्या हिशेबातून सुटली होती. तांबटाच्या पत्र्यावर शिरोरेघ एका दमात कोरता येते. खिळ्यांचं तसं नसतं. प्रत्येक खिळ्यावर रेघेचा आपापला तुकडा असतो, तुकडे जुळवताना सांधे दिसतात आणि काना-मात्रा-रफार यांच्यासाठी शेकडो वेगळे खिळे लागतात. पोथी वाचणाऱ्याचा डोळा अखंड रेघेवर वाढलेला होता. त्या डोळ्याला खटकणार नाही असं पान देणं ही कमी अक्कल नव्हे. मी ज्याला मागासलेलं तंत्र म्हणत होतो ते वाचकाच्या सवयीचा मान राखत होतं. फक्त वाचक मोजके होते.

आणि खिळे पाडणारे हातही तांबटासारखेच कारागिराचे होते. पंचानन कर्मकार चार्ल्स विल्किन्सच्या हाताखाली बंगाली खिळे पाडायला शिकला होता, श्रीरामपुरात त्याने देवनागरीचं काम हाती घेतलं. त्याच्यानंतर जावई मनोहर कित्येक वर्षं तेच करत राहिला. पंचाननचं नाव निदान राहिलं. आमच्या मिरजेच्या तांबटाला नावच नाही. पटवर्धनांचं आहे, नानांचं आहे, मॅलेटचं आहे. पैसे देणाऱ्याचं नाव टिकतं, हात चालवणाऱ्याचं नशिबावर.

पैसे देणाऱ्यावरून श्रीरामपूरची दुसरी बाजू निघते आणि मला ती भाषांतरापेक्षाही महत्त्वाची वाटते. 11 मार्च 1812 च्या संध्याकाळी छापखान्याला आग लागली. कागद, खिळे, हस्तलिखितं जळाली. सुमारे 10,000 पौंडांचं नुकसान झालं. राखेत खिळे ओतायचे साचे सापडले आणि वॉर्डने महिन्याभरात पुन्हा ओतकाम सुरू केलं. बातमी इंग्लंडला पोचल्यावर साधारण दोन महिन्यांत तेवढी रक्कम वर्गणीतून जमली. ही गोष्ट सगळे सांगतात, कारण ती छान आहे. तिची पुढची बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. 1815 मध्ये लंडनच्या सोसायटीचा सेक्रेटरी अँड्र्यू फुलर वारला. तो तिघांचा मित्र होता. नव्या मंडळींनी विचारलं की या इमारती आणि हा छापखाना नक्की कुणाचा? श्रीरामपूरकर म्हणाले की बरंचसं आम्ही कमावून घातलंय. वर्षानुवर्षं पत्रापत्री झाली. तरुण मिशनरी वेगळे होऊन कलकत्त्याला गेले आणि त्यांनी तिथे आपला छापखाना काढला. 1827 मध्ये श्रीरामपूर आणि सोसायटी अधिकृतपणे विभक्त झाले. ज्यांना आगीने मोडता आलं नाही, त्यांना मालकीच्या कागदाने मोडलं.

हे वाचताना मला हसू आलं नाही, कारण त्याच आठवड्यात काकांकडे एक गृहस्थ आले होते. यंदाच्या 5000 प्रती माझ्याकडून, म्हणाले. अट एकच, मलपृष्ठावर त्यांचा रंगीत फोटो आणि आत शुभेच्छांचं एक पान. तुम्ही वारीत वाटल्या जाणाऱ्या पुस्तिका पाहिल्या असतील, तर असे फोटो नवे नाहीत. कित्येकदा विठ्ठलापेक्षा दात्याचा चेहरा मोठा असतो. काकांनी नकार दिला असं सांगायला मला आवडलं असतं. त्यांनी दोन दिवस मागितले. मशीनचा हप्ता होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी गृहस्थांना फोन केला की नाव छापतो, फोटो नाही, आणि नाव शेवटच्या पानावर, बाइंडिंगच्या मावशींच्या नावाखाली. गृहस्थ म्हणाले, कळवतो. कळवलं नाही.

यंदा 2000 प्रतीच निघणार आहेत. अर्थ घालायचा की नाही हे अजून ठरलेलं नाही. एक मधला मार्ग निघालाय. पूर्ण अर्थ न देता फक्त अडणाऱ्या जुन्या शब्दांची यादी शेवटी द्यायची, आणि कोणते शब्द अडतात हे मी ठरवायचं नाही. मावशींच्या दोन नाती शाळेत जातात. त्या मोठ्याने वाचतात आणि थांबतात तिथे काका पेन्सिलने खूण करतात. आतापर्यंत 61 खुणा झाल्यात. त्यातल्या निम्म्या ठिकाणी शब्द अवघडच नव्हता. जुन्या फाइल श्री-लिपीतल्या, त्या मी युनिकोडमध्ये आणताना रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसला होता. ते दुरुस्त करायला शनिवारी मिरजेला जातोय.